गणपतीचा डावा कान

धाकटे, रविवारी व्हिडिओवर डाव्या कानातले ऐकायचे यंत्र काढून तू विचारलेस, "आजी, मला करणाऱ्याची चूक झाली का?" लिहून कळवते म्हटले. ते हे.

तुझ्या थोरल्या भावाने तुला कॉलेजातली नॉस्टिक नावाच्या जुन्या पंथाच्या लोकांची गोष्ट सांगितली, तीही मी वाचून काढली. त्यांच्या मते हे जग थोर परमेश्वराने घडवलेच नाही. एका खालच्या, अर्धवट जाणत्या कारागिराने घडवले, म्हणून त्यात इतकी व्यंगे. आपल्यावर कोणी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. "मीच एकटा देव," असे तो म्हणत राहिला.

हे डोक्यात घोळत असतानाच काल जाऊबाईंबरोबर साखळी गावात चिताऱ्याकडे, म्हणजे मूर्तिकाराकडे, गेले. आपल्याकडे गोव्यात गणेशचवथीच्या खूप आधी घरचा पाट त्याला देतात. त्या पाटावर होईल तो आपला गणपती. दुकानातल्यासारखी निवड नसते. यंदाच्या मूर्तीचा डावा कान लहान झाला होता, कडेला आखडलेला.

"भंगलेला पुजायचा कसा?" जाऊबाई म्हणाल्या.

"भंगूंक ना वयनी, आखडला. आरशात पळयात, तुमचे तरी दोन्ही कान सारके आसात?"

जाऊबाईंचा हात कानाकडे गेला. म्हातारा चितारी हसला, मग माझ्याकडे वळला. "बाये, माती नीट वाळायच्या आधी पंख्याखाली ठेवली. चूक म्हजी."

खरे तर पाट मी तीन आठवडे उशिरा दिला होता. जुना रंग मला डागाळलेला वाटला म्हणून घासून पुन्हा पॉलिश करून घेतला, त्यात ते दिवस गेले. त्याची घाई माझ्यामुळे. निघताना ते त्याला सांगितले. तो म्हणाला, "म्हाका खबर आशिल्लें." त्याला ते आधीच ठाऊक होते.

त्या नॉस्टिक कारागिराचे मला हेच खटकते. चुकला असेल, पण "चूक माझी" एवढे त्याला कधी म्हणता आले नाही.

तुझा कान असा कोणी केला, मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखे सांगणारही नाही. एवढे मात्र पाहिले की पाटावर जो आला तो आमचा, हे जाऊबाईंनीही शेवटी मानले. गाडीत मूर्ती मांडीवर घेऊन त्याच बसल्या, डाव्या कानाला हाताचा आडोसा धरून.

चवथीला व्हिडिओ लावून फोन मी मखरात गणपतीच्या डाव्या हाताला ठेवीन. तुला तो कान नीट दिसेल.