पी.पी. नंबर

घरचा टेलिफोन सरकारला परत करून आलो, त्या दिवशी मी पेढे आणले होते. फोन आला म्हणून पेढे वाटणारे पुष्कळ असतील. गेला म्हणून वाटणारा मुरबाड तालुक्यात मी एकटाच असेन. तो राखाडी डबा वायरसकट कापडी पिशवीत घालून मुरबाडच्या ऑफिसात नेला, फॉर्म भरला आणि 'कारण' या रकान्यात ऐटीत लिहिलं : मोबाइल घेतला आहे. खिडकीतल्या माणसाने तो रकाना वाचलासुद्धा नाही. बायकोने अर्धा पेढा खाल्ला आणि विचारलं, बाकीच्यांना सांगितलंत का? बाकीचे कोण, हे मला खरोखरच चटकन सुचलं नाही.

आमचं गाव धसई आणि टोकावड्याच्या मधलं. गावात पहिला फोन वरच्या आळीत आला आणि दुसरा, नव्वदनंतर पाचसहा वर्षांनी, आमच्या बौद्धवाड्यात, माझ्याकडे. मी शहापूरला कचेरीत कारकून; अर्ज करून विसरून गेलो होतो तेव्हा कधीतरी मंजुरी आली. मग लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, कुठेकुठे आमचा नंबर लिहिला जाऊ लागला आणि त्याच्यापुढे पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, माणसाला बोलावून देतील. देतील म्हणजे मी देईन. जेवता जेवता उठायचं, चपला सरकवायच्या, आळीतून हाका मारत जायचं. मी गावाचा बिनपगारी शिपाई आहे, अशी कुरकुर मी सगळ्यांपाशी करायचो. पण मनातून सुखावायचो. ज्या घरांच्या ओटीवर माझ्या बापाला कधी कोणी बस म्हणालं नव्हतं, त्या घरची माणसं आमच्या पडवीत खुर्चीच्या कडेवर बसून फोनची वाट बघायची आणि वाट बघता बघता आमच्या घरचा चहा प्यायची.

पुढे टोकावड्याच्या अंगाला टॉवर उभा राहिला आणि मी मोबाइल घेतला. रेंज फक्त खिडकीच्या गजांपाशी यायची, त्यामुळे मी रोज संध्याकाळी दोन्ही हातांनी गज धरून कैद्यासारखा मोबाइल कंपनीच्या मुलीशी बोलायचो. ती मला सर म्हणायची. कचेरीत पंधरा वर्षांत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. असा सन्मान होऊ लागल्यावर त्या राखाडी डब्याचं काय कौतुक राहणार? उगाच दोन दोन फोन कशाला, म्हणून दिला परत.

पेढे संपायच्या आत रविवार आला आणि सकाळी नऊच्या सुमाराला कातकरवाडीवरची म्हातारी येऊन पडवीत बसली. तिची मुलगी आणि जावई दरसाल दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. मुकादम दरसाल वेगळ्या भट्टीवर न्यायचा. कुठल्या, ते गेल्यावरच कळायचं. मुलगी महिन्या-दीड महिन्याने रविवारी सकाळी कुठल्यातरी बूथवरून आमच्या नंबरवर फोन करायची. म्हणून म्हातारी दर रविवारी यायची. वाजला तर दोन मिनिटं बोलायची, नाही वाजला तर उन्हं चढल्यावर उठून जायची. त्या साली मुलीला दिवस गेले होते. आठवा सरला की ती फोन करून भट्टीचा ठिकाणा सांगणार आणि म्हातारी बाळंतपणाला जाणार, असं ठरलेलं होतं. आधीची दोन्ही बाळंतपणं म्हातारीनेच केली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याच पडवीत, माझ्यासमोर ठरलं होतं.

म्हातारीने फोनच्या स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर फुलदाणी होती, तीही मीच ठेवलेली.

"भाऊ, कुठं गेला?"

लाइन बिघडली आहे, दुरुस्तीला नेलाय, असं मी सांगितलं. का सांगितलं? आता विचार करतो तर एकच उत्तर सापडतं : खरं सांगायला लाज वाटली आणि खोटं सांगायला वाटली नाही. ती बरं म्हणाली आणि तरी उन्हं चढेपर्यंत बसली. पुढच्या रविवारीही आली. तिसऱ्या रविवारी मी किन्हवलीला काम असल्याचं सांगून आधीच निघून गेलो आणि एका हॉटेलात तीन चहा पीत बसलो. घरी आलो तर बायकोने तिला सगळं खरं सांगून टाकलं होतं. म्हातारी काय म्हणाली, मी विचारलं. काय म्हणणार, बायको म्हणाली, बाळंतपणाचं बोचकं आणायला गेली.

सोमवारी कचेरीत दांडी मारून मी मुरबाडच्या खिडकीवर गेलो. तोच माणूस होता. तो म्हणाला, नवा अर्ज करा, मिळेल त्याला नंबर नवीन मिळेल. जुना कॉम्प्युटरमधून गेला. नुसता वाजू द्या हो, मी म्हटलं, कोणीतरी उचलेल असं काहीतरी करा. तो हसला. त्याचंही चूक नव्हतं. मग मी गज धरून कंपनीच्या मुलीला विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, सर, तो आमच्या कंपनीचा नंबर नाही. आणखी काही मदत करू शकते का सर?

मग म्हातारीला मोटरसायकलवर मागे बसवून दोन दिवस भट्ट्या हुडकल्या. पडघ्याच्या अलीकडे, पलीकडे, नदीच्या काठाने. तिच्या मांडीवर बोचकं होतं, त्यात जुन्या लुगड्याचे तुकडे, धुऊन घडी घातलेले. लांबून सगळ्या भट्ट्या सारख्या दिसतात, जवळून तर जास्तच. मुलीचं नाव सांगावं तर त्या नावाच्या तीन-तीन बायका चिखलाच्या हातांनी उभ्या राहायच्या. म्हातारी एकेकीकडे बघायची आणि नाय म्हणायची. एका भट्टीवरचा मुनीम जावयाच्या नावाचा कोणीतरी पाहिल्यासारखं वाटतं असं म्हणत आठवत होता, तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला. तिथे रेंज फक्कड होती. पहिला महिना मोफत गाणं हवं आहे का, असं कंपनी विचारत होती. मी नको म्हणेपर्यंत मुनीम ट्रक मोजायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी परत येताना सरळगावच्या नाक्यावर म्हातारी म्हणाली, आता ऱ्हाऊ दे भाऊ, झाली असंल ती मोकळी. त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही.

मे महिन्याच्या अखेरीला मुलगी परत आली. वाडीवर जायच्या आधी, डोक्यावरचं गाठोडं न उतरवता, ती आमच्या दारात उभी राहिली. कडेवर काही नव्हतं. दोन मोठी पोरं बापाबरोबर पुढे गेली होती. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"तीनदा केला," ती म्हणाली. "मशीन बोलली, ह्यो नंबर नाय. मंग मला वाटलं, तुमी शापूरला ऱ्हायाला गेलां."

मी म्हटलं, नाही गेलो. इथेच होतो.

"हां. मंगाशी वाटेत कळलं."

मग तिने स्वतःहूनच सांगितलं की मूल पाच दिवस होतं. शेजारच्या झोपडीतली बाई होती सोबत, पण तिला तेवढं जमलं नाही. आई असती तर, असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, माफी मागितली असती, माझी सोय झाली असती. ती नुसती, आय कुठं हाय, वाडीवरच ना, असं विचारून निघाली. तेव्हा मला एकदम सुचलं आणि मी धावत आत जाऊन कॅलेंडरचा कोपरा फाडला, त्यावर माझा मोबाइल नंबर ठळक आकड्यांत लिहिला आणि तिच्या हातात दिला. आता केव्हाही कर, मी म्हटलं, हा कधी बंद होणार नाही. तिने तो कागद पाहिला, घडी घातली, पदराच्या गाठीत बांधला. घेतला तिने. न घेती तर बरं झालं असतं.

ती वळणाआड गेल्यावर मी पडवीत येऊन बसलो. बायको इतका वेळ आतल्या दाराला टेकून उभी होती. मी तिला म्हटलं, निदान नंबर तरी दिला.

"दिलात," ती म्हणाली. "मुलगा होता का मुलगी, ते नाय विचारलंत."