पायांना कुणी सांगितलंच नाही

डॉक्टरांनी मला रक्तदाबासाठी रोज सकाळी बागेला दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. तेव्हा धरमपेठेत असं बिनकामाचं चालणारे आम्ही चार-सहाजणच होतो. बागेतल्या एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ रोज बसलेले दिसत. कमरेच्या वर अगदी शांत, पाय मात्र आळीपाळीने खाली-वर, खाली-वर. दर फेरीला ते पाय बघून मीच अस्वस्थ व्हायचो. शेवटी एकदा थांबून म्हणालो, "बाबा, पाय डॉक्टरांना दाखवा. कंपवाताची सुरुवात अशीच होते."

ते हसले. "बिमारी नाही भाऊ. चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणली. खड्ड्यात पाय सोडून बसाचं अन् पायानं फळ्या दाबाच्या. औंदा पोरानं माग मोडला, मले इकडं त्याच्या क्वार्टरात आणलं. पायाले कोनी सांगतलंच नाही."

मी पुढच्या फेरीला वळलो. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुमी रोज कुठी जाऊन राहिले?"

"कुठे नाही. इथेच फिरतो. तब्येतीसाठी."

त्यांनी माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं. मग बाकावर सरकून जागा केली आणि हळूच विचारलं, "तुमचाबी माग बंद पडला का, भाऊ?"

साडेदहाला मला ऑफिस गाठायचं होतं, टेबलावर फायली वाट बघत होत्या. तरी 'नाही' म्हणायचं सोडून मी त्या जागेवर जाऊन कसा बसलो, ते मला अजून कळलेलं नाही.