चार डिस्क आणि कौसामावशीची म्हैस

दुष्काळात दूध आटतं, किस्से आटत नाहीत. उलट संकलन कमी, म्हणून गप्पांना वेळ जास्त! गेवराई तालुक्यातल्या आमच्या दूध संघात मी कॉम्प्युटर सांभाळतो. एकट्या सर्व्हरचेच इतके किस्से साठलेत, की ऐकणारा भेटला की मी चहा सांगूनच टाकतो.

*

सर्व्हर आला त्या दिवशी आमचे चेअरमन अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. मागवल्या होत्या चार डिस्क, स्क्रीनवर दिसत होती एकच.

"बाकीच्या तीन कुठं गेल्या बे?" अण्णांचा आवाज चढला. "टेम्पोवाला मांजरसुंब्याला जेवायला थांबलता. ढाब्यावरच उतरवल्या म्हण की!"

मी सांगितलं, चारही आतच आहेत. एकत्र बांधल्यात, म्हणून एक दिसते. पटेना. शेवटी काळी खिडकी उघडून खऱ्याखुऱ्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड टाइप केली. चार ओळी आल्या. अण्णांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघितलं.

"म्हंजे रंगीत पडदा थापा मारतो, अन् काळा खरं बोलतो!"

तेव्हापासून सकाळी आले की पहिला प्रश्न, "काळ्यावर बघितलं का?"

*

त्या यादीत पहिल्या डिस्कचा नंबर होता शून्य. हे अण्णांना अजिबात आवडलं नाही.

"आपल्या संघात शून्य नंबरचा सभासद हाय का? मंग डिस्क कावून?"

त्यांनी स्वतः एक ते चार आकडे कागदावर लिहून प्रत्येक डिस्कखाली चिकटवले. मीही म्हटलं, असू दे, कागदानं काय बिघडतंय!

*

दसऱ्याला दूध थंड करायच्या मशीनबरोबर सर्व्हरचीही पूजा झाली. प्रत्येक डिस्कवर इवलासा दिवा असतो. अण्णांनी कुंकवाचं ओलं बोट बरोबर त्या दिव्यांवरच टेकवलं.

"देवाला कपाळ असतं, हिला हेच!"

*

पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात संघ सभासदांना चारा देत होता. ज्याचं जितकं दूध, तितका चारा. चिठ्ठी सर्व्हरवरूनच निघायची. हातानं लिहिलेली चालणार नाही, असा आमचाच ठराव.

एका सकाळी काळ्या पडद्यावरच्या यादीत दोन नंबरसमोर 'फेल' आलं. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "एक गेली तर बाकी तिघींवरून तिच्यातलं परत तयार होतं. चुकून चांगली काढलीत, तर सगळ्या नोंदी गेल्या! नवी पाठवतो, तोवर मशीनवर काम नको."

चिठ्ठ्या थांबल्या. दारात रांग. सगळ्यात पुढं चकलांब्याच्या कौसामावशी, एका म्हशीच्या मालकीण.

"भाऊ, तुमची डिस्क मेली, पण माझी म्हैस जित्ती हाय ना! ती काय खाईल?"

त्या रिकाम्या हातानं परत गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आली. अण्णा मागं उभे. मी कागदावरच्या 'दोन'ला हात घातला, आणि पुन्हा एकदा यादी बघावीशी वाटली. बघितली, तर वर शून्य! म्हणजे यादीतली दोन ही अण्णांची तीन.

खात्रीसाठी त्याच डिस्कच्या दिव्याची उघडझाप करायची कमांड दिली. कुठंच काही नाही.

"अण्णा, कुंकू!"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं ओलं करून चारही कपाळं पुसली. तीन नंबरच्या कागदाच्या वरचा दिवा लुकलुकत होता.

"आयला, माझ्याच कागदानं मारलं असतं की बे सगळ्यांला!" म्हणत त्यांनी चारही कागद टराटरा काढले.

मेलेली काढली, नवी बसवली. दुपार कलली तेव्हा काम पुरं झालं आणि पहिली चिठ्ठी निघाली कौसामावशींची. चारा टमटममध्ये चढवला, तरी मावशी हलेनात.

"आता काय राहिलं, मावशी?"

"ती मेलेली द्या की."

"कशाला?"

"म्हशीला दाखवते. रातभर रेकत होती. कुणापायी उपाशी ऱ्हायली, तिला कळाय नको?"

मी अण्णांकडं बघितलं. जुनी डिस्क कंपनीला परत करायची होती.

"उद्या आणून द्या म्हंजे झालं," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी सगळ्यांच्या आधी हजर. पदराखालून डिस्क काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"पुसून द्या बरं का कंपनीला. चाटलीया तिनं."