तेविसावी खुर्ची

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाचा कार्यक्रम असो की सहल, नोंद एका शिपाईकाकांच्या वहीत व्हायची. सहलीला जाताना आणि परतल्यावर ते प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून मोजायचे.

वैशाखरे गावाला सहलीसाठी आम्ही बावीस जण गेलो. परतल्यावर काकांनी तेवीस लिहिले.

"काका, चुकलात," मी हसलो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बोट लावलंय रे मी. खांदा गार व्हता. आता आलाय तर बसाया खुर्ची लागल."

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला मागच्या दाराशी ते एक जादा खुर्ची मांडत. टर उडवण्यात मीच पुढे असायचो.

निरोप समारंभाला हॉल गच्च भरला. पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. मीही दोन तास उभाच होतो, त्या रिकाम्या खुर्चीशेजारी.