मिश्री कधी मागते

संक्रांतीनंतरचा मंगळवार, सकाळी दहा, जळगावचं आमचं घर. हजर: आई, धुळ्याहून आलेला माझा धाकटा भाऊ आणि मी. विषय एकच. आईला शांत ठेवणारी गोळी अर्धीची एक करायची का? संध्याकाळी पाचला डॉक्टरांना कळवायचं होतं.

आई विसरायला लागून चार वर्षं झाली. अर्ध्या गोळीवरच ती दुपारभर पेंगते. पूर्ण गोळी दिली तर जी थोडी उरलीय तीही जाईल, ही माझी भीती. पण गेला महिनाभर ती ताट सरकवत होती, तोंड धुताना हात झटकत होती. धुळ्याला आठ दिवस राहिली तेव्हा भावाला ओरखडलं होतं.

"आई, काही दुखस का?" भावाने विचारलं.

"नही रे भाऊ. बठ्ठं बेस शे," सगळं ठीक असल्याचं आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मिसरी दे वं माय."

"बघ. पोटची पोरं विसरली, मिश्री नाही विसरली!" भाऊ मला म्हणाला.

मिश्री म्हणजे भाजून वाटलेली तंबाखू. गावाकडे आईच्या वयाच्या पुष्कळ बायका सकाळी ती दातांना लावत, तशी आईही. लावल्याचं विसरून ती दिवसातून पाच-सहा वेळा लावायला लागली, म्हणून दिवाळीत मी डबी कपाटावर ठेवली. सवय आहे, मागेल आणि विसरेल, असं मीच ठरवलं होतं.

आईसाठी मी वही ठेवते. जेवण, झोप, शौच, चिडचिड. मिश्री मागितली की त्या वेळेसमोर नुसतं 'मि'. गोळी वाढवण्याइतकी चिडचिड नाही हे दाखवायला ती वही मी भावापुढे टाकली. तो पानं उलटत बसला.

"अक्का, तू हिचं शिंकणंपण लिहितेस?"

"लिहिते. तुझं येणंजाणंही लिहिते. त्याला फार जागा लागत नाही."

तो हसला. मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "मिश्री सकाळची लावायची असते ना? मग हे इतके 'मि' जेवणानंतर कसे?"

मी चष्मा लावला. खरंच. खिचडीच्या दिवशी जेवणानंतर एकही नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीच्या दिवशी दोन. संक्रांतीला, तिळाच्या वड्या खाल्ल्यावर, चार. सगळं माझ्याच अक्षरात, आणि मी ते कधी एकत्र वाचलंच नव्हतं.

मी स्टूल घेऊन डबी खाली काढली. तळाशी चिमूटभर होती. ती आईच्या तळहातावर ठेवली आणि दोघं समोर बसून बघत राहिलो. समोरच्या दातांना तिने बोट लावलंच नाही. ते सरळ डाव्या गालात, पार मागे गेलं आणि तिथेच दाबून राहिलं. डोळे मिटलेले.

"आई, तिथे दुखस?"

"नही," आई म्हणाली. बोट तिथेच.

बारा वाजता रिक्षा करून आम्ही तिला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मागची दाढ उभी चिरली होती, हिरडी सुजली होती; मिश्री दाबली की तिथे जरा बधिर वाटत असणार. बाई म्हणाल्या, "दुखतंय का, हे त्यांना आता उमजेलच असं नाही. विचारा, पण त्या काय करतात तेही बघा. आणि दुखत नसेल तेव्हा कशा असतात, ते लिहून ठेवा. नाहीतर फरक कशाशी ताडून बघणार?"

पाचला फोन केला. आमचं ऐकून डॉक्टर म्हणाले, गोळी आहे तेवढीच राहू द्या, आधी दाढेचं बघा. पुढच्या आठवड्यात दाढ काढली. तोंड धुताना अजून कधीकधी हात झटकते, पण भरीत-भाकरी कुस्करून दिली की खाते. 'मि' आता एकच, सकाळचा.

वहीत 'बरं असताना' असं नवं पान काढलंय. पहिली ओळ काय लिहावी सुचेना, म्हणून भावाला फोन केला. तो म्हणाला, "भाकरी थापताना गुणगुणायची की." पण ते दाढेच्या आधीचं की आजाराच्याही आधीचं, हे त्यालाही सांगता येईना. रोज सकाळी तिच्यासमोर बसून बघते आहे. त्या पानावर अजून नुसतं शीर्षक आहे.