झरीवरून जाताना

आमच्या हँगरमध्ये विमानांपेक्षा किस्से जास्त. विमान दुरुस्त झालं की उडून जातं, किस्सा मात्र इथंच राहतो आणि रोज चहाबरोबर पुन्हा निघतो!

मी मूळचा परभणीजवळच्या झरीचा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांची यंत्रं दुरुस्त करतो. आमच्या छोट्या विमानांत ट्रान्सपॉन्डर असतो. विमान किती उंचीवर आहे, ते तो खाली कंट्रोलला परस्पर कळवतो. तो चुकीचं कळवायला लागला की मला हाक येते. आमची विमानं रोज झरीवरून जातात. मी मात्र कधीच नाही! सीटा दोनच, एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. आपलं घर एकदा वरून बघावं, एवढंच मनात आहे.

*

विमानाचा आवाज आला की आई गच्चीवर. मग मला फोन.

"आज तूच होतास ना रं?"

"न्हाई आई, मी खालीच हाय."

"मग मी हात कुणाला केला?"

आई तशी धीराची. पण काही बिघडलं की पोखर्णी गाठते. बोअरची मोटर जळाली तरी आधी पोखर्णीचा नरसिंह, मग मेकॅनिक!

*

विमानाच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. तिथल्या हवेच्या दाबावरून उंची कळते. विमान धुताना त्यावर टेप लावतात, आणि एकदा ती काढायचीच राहिली.

विद्यार्थी उडाला. कंट्रोलवाले म्हणाले, "तुम्ही अजून जमिनीवरच दिसताय."

"सर, माझं मीटर पण तेच सांगायलंय," तो म्हणाला. "पण खाली म्हशी लय बारक्या दिसायल्यात!"

सुखरूप उतरला. तेव्हापासून टेपला हातभर लाल फडकं बांधल्याशिवाय आमचे सलीमभाई कुणाला पाण्याचा पाइप हातात देत नाहीत.

*

सलीमभाई आमचे सीनियर, सेलूचे. एकदा त्याच छिद्रात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. मी टोचून काढायला गेलो तर त्यांनी हात धरला. स्वतः हळूहळू माती ओली करून काढली.

"एवढं काय जपायलात?"

"घर किसीका बी हो मियाँ, तोडते वख्त आपलं याद येतंच की."

त्या दिवशी ते जेवलेही उशिरा.

*

कांबळे मॅडम विमान शिकवतात. देवगाव फाट्याच्या, रिटायर मास्तरांची मुलगी. मी विचारलं, "मॅडम, वरून गाव कसं दिसतं?"

"लय शांत! खाली उतरलं की फाट्यावर कुणी बाजूला सरकत न्हाई."

सगळे हसले. मला उलट आणखीच जावंसं वाटलं.

*

आणि मग ते विमान आलं. मीटर बरोबर, पण कंट्रोलला भलतीच उंची दिसायची. जमिनीवर तपासलं की सगळं ठीक. मॅडम म्हणाल्या, "हे वरच सापडंल. तू शेजारी बस, झरीवरून जाऊ."

मी लगेच घरी फोन लावला. "आई, आज खरंच मी येतोय! यंत्र उंची चुकीची सांगायलंय, ते बघायला बसायलोय. गच्चीवर थांब."

"यंत्रच बिघडलंय व्हय?" तिनं विचारलं. मग, "बरं," म्हणाली.

वर गेलो. मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकलो. उंची मोजणाऱ्या डबीची नळी सांध्यात सैल होती, थरथरीनं हवा खात होती. ती घट्ट दाबून धरली. कंट्रोल म्हणालं, "आता बरोबर." त्याच वेळी मॅडम ओरडल्या, "झरी! अरे, झरी आली!"

हात सोडता येईना. नळी बसवून डोकं वर काढलं तेव्हा झरी मागं गेली होती. फार वाईट वाटलं. मॅडमना परत वळवा म्हणायचंही सुचलं नाही.

उतरल्या उतरल्या फोन लावला.

"आई, दिसलीस! गच्चीवर तूच होतीस ना?"

"मग! दोन्ही हात वर केले की. लय चांगला दिसलास बघ!"

तिच्या मागं घंटा वाजत होती, आणि कुणीतरी ओरडत होतं, "नारळ घ्या, नरसिंहाला नारळ!"