तिसऱ्या चौकोनातला नंबर

मी चौथी शिकले. त्यामुळे एम्बसीत कॉम्प्युटर आला तेव्हा आता आपली नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते.

तेवीस वर्षं मी तिथं चहा करतेय, फरशी पुसतेय. नवरा जहाजदुरुस्तीच्या कामावर होता, त्याच्यामागून सिंगापूरला आले. तो मारायचा. पट्ट्यानं, हातानं, एकदा कुकरच्या झाकणानं. माझी डावी करंगळी अजून वाकत नाही. तो गेला तेव्हा मी रडले नाही, म्हणून आम्ही राहायचो त्या बेडोकच्या शेजारणी काहीबाही बोलल्या. बोलू देत.

पूर्वी लोक सकाळी यायचे, दारात कागदाची चिठ्ठी घ्यायचे, आणि मी चहाचा ट्रे हातात धरून नंबर पुकारायची. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. माझा आवाज मोठा, म्हणून पडलं गळ्यात. मग वरून हुकूम आला. चिठ्ठ्या बंद, खिडकीवरचे दोघे जुने क्लार्क घरी, आता सगळं मशीनवर. आधी वेळ घ्यायची, मगच आत यायचं. ज्यांच्या फोनवर वेळेचा मेसेज नाही, पण हातात पासपोर्ट आहे, त्यांच्यासाठी एक मशीन बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलं. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्याला लाथा घातल्या. एका म्हाताऱ्यानं छत्रीची मूठ मारून काच तडकवली. एकानं गार्डची कॉलर धरली, गार्डनं त्याला भिंतीवर आपटलं, आणि ते रक्त मीच पुसलं.

पासपोर्टचं काम बघणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, लोक तुमचं ऐकतात. मशीनपाशी तुम्ही उभ्या राहा."

"मला इंग्रजी कुठं येतंय, मॅडम?"

"पडद्यावर चार चौकोन आहेत. पाठ करा."

केले पाठ. पहिल्यात नाव, दुसऱ्यात पासपोर्ट, तिसऱ्यात मोबाइल, चौथ्यात काम काय ते. नाव, काम ज्यानं त्यानं टाकायचं, आकडे मी दाबायचे. बाई आली की तिसऱ्यात मी तिच्या नवऱ्याचा नंबर घालायची. तसं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. अर्जाच्या जुन्या कागदावर नवऱ्याच्या नावाची ओळ असायची, ती रिकामी राहिली तर खिडकीवरून कागद परत यायचा. तीच सवय हाताला लागलेली. आणि नंबर विचारला की बायकाही तोच सांगायच्या. आमच्यात घरचा नंबर म्हणजे त्याचा.

त्या दिवशी साडेनऊला एक पोरगी आली. भर उकाड्यात तोंडाला मास्क, डोक्यावरून ओढणी. गार्ड दारातच म्हणाला, "आंटी, नो अपॉइंटमेंट, नो पासपोर्ट, कॅनॉट लाह."

"माझी भाची आहे," मी म्हटलं. त्याला माझ्या भाच्या माहीत होत्या. रोज एक नवी असायची. हसला आणि बाजूला झाला.

मी तिला पँट्रीत बसवलं. तिनं ओढणी काढली. कानाची पाळी फाटून दोन झाली होती, एक डोळा बंद. नवरा आयटीत, घर क्लेमेंटीला. आदल्या दिवशी त्यानं तिचा फोन भिंतीवर फोडला आणि पासपोर्ट फाडून बिल्डिंगच्या कचऱ्याच्या नळीत, चुटमध्ये टाकला.

"मला सांगलीला जायचंय, आईकडे," ती म्हणाली. "त्याला कळायच्या आत."

पासपोर्ट नसला तरी घरी जाण्यापुरता एक कागद मिळतो. मॅडम तो त्याच दिवशी करून द्यायच्या. पण मशीनवर वेळ घेतल्याशिवाय फाइलच उघडायची नाही. मी तिला मशीनपाशी नेलं. तिनं नाव टाकलं. पासपोर्टचा नंबर तिला पाठ होता.

"मोबाइल सांग."

तिनं सांगितला, मी दाबला. पडदा हिरवा झाला. साडेअकराची वेळ मिळाली. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

तिथंच बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवून चहा दिला. ओठ फुटलेला, तिला पिता येईना. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "मावशी, करंगळीला काय झालं?"

"कुकरचं झाकण."

"माझं अजून लाटण्यापर्यंतच आलंय," म्हणाली आणि हसली. हसताना ओठातून परत रक्त आलं.

अकराला तो आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात फोन. गार्डनं फोन बघितला आणि त्याला आत सोडलं. वेळ त्याच्याच फोनवर होती ना.

तो सरळ तिच्यापुढं उभा राहिला. "साडेअकराची वेळ घेतलीस? मला न विचारता?" आवाज अगदी हळू. मग तिचे केस मुठीत धरले आणि खुर्चीवरून खाली ओढली. फरशीवरून ओढत दाराकडं न्यायला लागला. तिनं खुर्चीचा पाय धरला, तर तिच्या बोटांवर बूट दिला. बसलेले लोक उठून भिंतीला लागले. दहा-बारा माणसं, पण कुणी हललं नाही. गार्ड धावला, त्याला त्यानं पोटात कोपर मारलं.

माझ्या हातात स्टीलचा मोठा थर्मास होता, भरलेला. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि केस धरलेल्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. मूठ सुटली. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या तोंडावर मारलं. दोन दात तिथंच गेले. तो गुडघ्यावर आला तेव्हा मी आणखी एकदा मारला, खांद्यात. त्याची गरज नव्हती. तरी मारला.

पोलीस लवकर आले, पण बाहेरच थांबले. एम्बसीत परवानगीशिवाय त्यांना येता येत नाही. शेवटी मॅडम स्वतः गेटवर गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. तोवर गार्ड त्याच्या पाठीवर बसून होता.

त्याला नेल्यावर मॅडमनी विचारलं, "ही इथं आहे हे त्याला कळलं कसं?"

त्याचा फोन फरशीवर चहात पडला होता. वर तोच हिरवा पडदा, साडेअकरा. तेव्हा मला कळलं.

"मी घातला त्याचा नंबर," मी म्हटलं. तोंडात रक्त होतं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

पोरगी जमिनीवरच बसली होती. म्हणाली, "मीच सांगितला. मला दुसरा पाठच नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण मावशी, तुम्ही तरी विचारायचं होतंत."

खरंच होतं ते.

जुनी वेळ त्याच्या फोनला बांधलेली. ती रद्द करून नवी घ्यायला लागली. तिची बोटं सुजलेली, नाव मॅडमनी टाकलं. तिसऱ्या चौकोनात मी माझा नंबर दाबला. माझ्या पदराआडच्या पिशवीत फोन वाजला. दुपारी तिला कागद मिळाला आणि संध्याकाळच्या विमानानं ती गेली. मॅडम सोडायला गेल्या. मी दवाखान्यात होते. सांगलीहून तिचा फोन आला नाही. यावा असं मी काही केलेलंही नाही.

मॅडमनी मला मशीनवरून काढलं नाही. आता बाई आली की तिसऱ्या चौकोनाशी मी थांबते आणि विचारते, "हा फोन कुणाच्या हातात असतो?" बऱ्याचजणी लगेच "माझ्याच" म्हणतात. एखादी गप्प राहते, खाली बघते. मग मी तिला आणखी काही विचारत नाही. माझा नंबर दाबते.